"असंच असतं" हे आपल्याला कोण शिकवतं? सत्ता, विचारसरणी आणि मीडियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, आणि दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी सुटते, नंतर चुटपुट लागते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. जिथे जास्त बोलण्यासारखं आहे तिथे लांबलंय, त्याला इलाज नाही.

वर्चस्व म्हणजे जबरदस्तीच ना? वेगळा शब्द कशाला?

नाही, आणि सगळा विषय या फरकातच आहे. जबरदस्ती महाग पडते. प्रत्येक माणसामागे एक शिपाई उभा करता येत नाही, आणि केला तरी त्या शिपायामागे कोणाला उभं करणार? म्हणून कुठलीही सत्ता फक्त काठीवर फार वर्षं चालत नाही. तिला लोकांची संमती लागते. मनापासून नसली तरी चालते, निदान "आता काय, असंच असतं" एवढी तरी लागते.

हे नीट मांडलं इटलीच्या अंतोनियो ग्राम्शीने. त्याच्यासमोर प्रश्न असा होता की १९२० साली तुरिनमधल्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले होते, आता व्यवस्था बदलणार असं वाटत होतं, आणि दोनच वर्षांत, १९२२ ला, मुसोलिनी सत्तेवर आला, तेही बऱ्याच सामान्य लोकांच्या पाठिंब्याने. असं का झालं? १९२६ ला त्याला अटक झाली, १९२८ ला वीस वर्षांहून जास्त शिक्षा झाली, आणि तुरुंगात, तब्येत ढासळत असताना, त्याने तीसच्या वर वह्या भरून काढल्या. सुटकेनंतर काही दिवसांतच, एप्रिल १९३७ मध्ये तो गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पोलीस, कोर्ट, सैन्य हा सत्तेचा फक्त बाहेरचा खंदक आहे, त्याच्या मागे शाळा, धर्मसंस्था, वर्तमानपत्रं, क्लब, पुस्तकं अशी खंदकांची रांगच्या रांग असते आणि खरी लढाई तिथे असते. तिथे वरच्या वर्गाचं हित हे "सगळ्यांचंच हित" म्हणून लोकांच्या गळी उतरतं. याला त्याने जो शब्द वापरला, हेजेमनी, त्याला मराठीत काही लोक धुरीणत्व म्हणतात, मी आपलं वर्चस्वच म्हणते.

विचारसरणी म्हणजे पक्षाची भूमिका का? उजवे, डावे वगैरे?

ती पण विचारसरणीच, पण ती दिसते, तिच्यावर वाद होतो, त्यामुळे ती त्यातल्या त्यात कमी धोकादायक. मी ज्याबद्दल बोलतेय ती न दिसणारी. जी मत वाटतच नाही, निसर्गनियम वाटतो.

एक उदाहरण देते, वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा मानसिक आजार जाहीर केला, ड्रेपटोमेनिया. लक्षण काय तर गुलामाला मालकाकडून पळून जावंसं वाटणं. उपाय म्हणून त्याने चाबकाचे फटकेही सुचवले. आता विचार करा, ज्या माणसाच्या डोक्यात गुलामी हीच निसर्गाची अवस्था आहे असं पक्कं बसलंय त्याला पळून जाणारा माणूस आजारीच दिसणार, कारण दुसरं स्पष्टीकरण स्वीकारलं तर त्याचं स्वतःचं सगळं जगच चुकीचं ठरतं. तो मुद्दाम खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याला ते खरंच तसं दिसत असणार. विचारसरणी अशी काम करते, ती आधी डोळे बनवते आणि मग त्या डोळ्यांना जे दिसतं त्याला पुरावा म्हणते.

मार्क्स आणि एंगल्सने १८४५-४६ च्या सुमारास लिहून ठेवलंय की कुठल्याही काळात जो वर्ग राज्य करतो त्याचेच विचार त्या काळाचे राज्य करणारे विचार असतात, कारण ज्यांच्या हातात वस्तू तयार करायची साधनं असतात त्यांच्याच हातात विचार तयार करायची साधनं पण असतात. हे लिखाण छापून आलं थेट १९३२ मध्ये, दोघंही जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर.

म्हणजे काही लोक बंद खोलीत बसून हे सगळं ठरवतात?

बहुतेक वेळा नाही. हा गैरसमज आधी काढून टाका, कारण कटाच्या गोष्टी ऐकायला सोप्या असतात, एक व्हिलन सापडला की डोकं शांत होतं आणि व्यवस्था मात्र तशीच राहते.

मी काही वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काम केलंय. एवढ्या वर्षांत मला मालकाचा एकदाही फोन आला नाही. कोणी सांगितलं नाही की ही बातमी दाबा. पण मला माहीत होतं कुठली बातमी आत गेली की वरून "बघू" येणार, कुठल्या जाहिरातदाराबद्दल लिहिताना तीनदा खात्री मागितली जाणार आणि कुठल्या माणसाबद्दल एकदाही नाही. सहा महिन्यांत हे अंगात भिनतं, मग तुम्ही ती बातमी सुचवतच नाही, आणि वर्षभराने ती तुम्हाला सुचत पण नाही. शेवटची पायरी ही, आणि तिथे पोचलेला माणूस पूर्ण प्रामाणिकपणे म्हणतो की माझ्यावर कसलंही प्रेशर नाही. मीही म्हणायचे.

एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ मध्ये याच प्रक्रियेचा सांगाडा मांडला, त्यांनी पाच गाळण्या सांगितल्या. माध्यमाचा मालक कोण, पैसा जाहिरातीतून येतो का, बातमीसाठी सरकारी आणि कॉर्पोरेट सूत्रांवर किती भिस्त आहे, विरोधात छापलं तर किती त्रास होईल म्हणजे खटले, तक्रारी, बदनामी वगैरे, आणि पाचवी म्हणजे एक सामायिक शत्रू, जो त्या काळात कम्युनिझम होता. या गाळण्यांतून बातमी जाते आणि खाली जे उरतं ते छापलं जातं. यात कोणी कोणाला ऑर्डर द्यावी लागत नाही.

पण "बहुतेक वेळा" म्हटलं त्यालाही कारण आहे. कधीकधी खरंच बंद खोली असते. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एका पीआर म्हणजे जनसंपर्क सल्लागाराला घेऊन भेटले, कारण सिगारेटचा कॅन्सरशी संबंध दाखवणारं संशोधन बाहेर यायला लागलं होतं. ४ जानेवारी १९५४ ला ४०० पेक्षा जास्त वर्तमानपत्रांत त्यांचं पानभर निवेदन आलं की तुमचं आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी, आम्ही संशोधनाला मदत करू. त्यानंतर कित्येक दशकं "अजून नक्की सांगता येत नाही" हे वाक्य जिवंत ठेवलं गेलं. १९६९ च्या एका कंपनीच्या आतल्या कागदात तर सरळ लिहिलंय की शंका हे आमचं प्रॉडक्ट आहे. २००६ मध्ये कोर्टाने या कंपन्यांनी लोकांना फसवलं असं स्पष्ट म्हटलं. मधल्या काळात किती माणसं गेली याचा विचार केला की मला अजून संताप येतो.

पण बातमी खरी असेल तर प्रॉब्लेम काय? खोटं तर दाखवत नाहीत ना.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खोटी बातमी पकडता येते. पण खऱ्या बातम्यांची निवड, क्रम, आणि वाक्यरचना? ती कोण पकडणार.

आधी निवड. १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल गावातल्या, मत अजून ठरलं नव्हतं अशा १०० मतदारांना विचारलं की सध्याचे महत्त्वाचे प्रश्न कोणते, आणि दुसरीकडे तिथली माध्यमं कशाला किती जागा देतायत ते मोजलं. दोन्ही याद्या जवळपास सारख्या निघाल्या. १९७२ मध्ये त्यांनी हे छापलं आणि अजेंडा सेटिंग हा शब्द रुळला. म्हणजे मीडिया तुम्ही काय विचार करायचा ते सांगू शकेलच असं नाही, पण कशाबद्दल विचार करायचा ते मात्र तोच ठरवतो. आठवडाभर एकच भांडण सगळ्या चॅनलवर चाललं तर त्या आठवड्यात ज्या शंभर गोष्टी झाल्या त्या झाल्याच नाहीत असं समजा.

मग शब्द. ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या एका गटाने १९७० च्या दशकात ब्रिटिश टीव्हीच्या बातम्या महिनोन् महिने रेकॉर्ड करून तपासल्या, तेव्हा दिसलं की संपाच्या बातमीत मॅनेजमेंट "ऑफर देते" आणि कामगार "मागणी करतात". एक देणारा, एक मागणारा. दोन्ही शब्द तसे बरोबरच आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनात उदार कोण आणि हट्टी कोण हे बातमी संपायच्या आत ठरून जातं.

आणि आपल्या भाषेत तर याची फारच सोय आहे. मराठीत "झालं" म्हटलं की कर्ता गायब. गोळीबार झाला. लाठीमार झाला. घरं जमीनदोस्त झाली. तिघांचा मृत्यू झाला. जणू पाऊस पडला. तेच समोरच्या बाजूने काही केलं की कर्ता लगेच हजर, "आंदोलकांनी दगड मारले", "जमावाने काच फोडली". हे एकदा लक्षात आलं की पेपर वाचणं पहिल्यासारखं राहत नाही. मी अजूनही पेन घेऊन बसते आणि जिथे जिथे "झालं" आहे तिथे "कोणी केलं?" असं लिहिते.

एखादं असं उदाहरण द्या जिथे लोकांचं मत खरंच बदललं, म्हणजे पूर्ण उलटं झालं.

रस्ता. रस्ता कोणासाठी असतो असं विचारलं तर आज जगात कोणीही सांगेल, गाड्यांसाठी. पायी चालणाऱ्याने कडेने जावं, ठरलेल्या जागीच ओलांडावा, आणि मध्ये आला नि उडवला गेला तर "बघून चालायला काय झालं होतं?" हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं.

शंभर वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. रस्ता सगळ्यांचा होता, माणसं चालायची, फेरीवाले उभे राहायचे, पोरं खेळायची, आणि मोटार ही मध्ये घुसलेली नवी आणि जीवघेणी वस्तू होती. १९२० च्या आसपास अमेरिकन शहरांत मोटारीखाली माणसं, त्यातही लहान मुलं, मोठ्या संख्येने मरायला लागली तेव्हा पेपरांचा आणि लोकांचा राग गाडीवाल्यांवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक गाडीत असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या वर जाणारच नाही. मोटार धंदा घाबरला, कारण वेग गेला तर विकायचं काय? त्यांनी प्रचंड प्रचार करून तो प्रस्ताव मतदानात पाडला आणि मग नुसतं एक मतदान जिंकून न थांबता मोठ्या कामाला लागले.

ते काम म्हणजे लोकांच्या डोक्यातली रस्त्याची व्याख्याच बदलणं. "जे" म्हणजे गावंढळ माणूस, त्यावरून "जेवॉकर" हा टिंगलीचा शब्द आधीपासून होता, तो वाटेल तसा रस्ता ओलांडणाऱ्याला चिकटवला. मोटार क्लबांनी शाळांमधून सुरक्षेच्या मोहिमा काढल्या, पोरांना शिकवलं की रस्ता तुमचा नाही. आणि मोटार उत्पादकांच्या संघटनेने पेपरांसाठी एक फुकट सेवा सुरू केली, अपघाताची माहिती कळवा, आम्ही तयार लेख पाठवतो, आणि त्या लेखांत दोष सहसा चालणाऱ्याचा असायचा. धावपळीत असलेल्या संपादकाला तयार मजकूर मिळाला, त्याने छापला. १९२५ ला लॉस एंजेलिसने पायी चालणाऱ्यांवर निर्बंध घालणारे नियम केले, ते इतर शहरांनी उचलले, आणि एका पिढीत प्रश्नच उलटा झाला. आधी विचारायचे, याने माणूस का मारला? नंतर विचारायला लागले, हा मध्ये का आला?

माझ्या मते वर्चस्व समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण यात क्रूर हुकूमशहा नाही, सेन्सॉर नाही, तुरुंग नाही. एक शब्द, शाळेतला एक तास, एक तयार लेख, आणि शेवटी कायदा. आणि आज आपण स्वतःच आपल्या मुलांना ते शिकवतो, प्रेमापोटी, त्यांचा जीव वाचावा म्हणून, कारण आता रस्ता खरंच गाड्यांचा झालाय.

सिनेमा, सिरियल तर टाइमपास आहेत, त्यात कसलं राजकारण?

टाइमपास करताना आपण सावध नसतो, म्हणून तर तिथे जास्त मुरतं. कोण हिरो होतो, कोण त्याचा नोकर, कोणाची बोली ऐकून हसायचं असतं, कोणाच्या घरात देव्हारा आणि पुस्तकं दिसतात आणि कोणाच्या घरात फक्त भांडण, गरीब माणूस चांगला असेल तर तो सोशिकच का असतो.

हॉलिवूडमध्ये तर हे लेखी नियमांनी चालायचं. १९३० ला नियमावली केली, १९३४ पासून ती कडक पाळली गेली आणि १९६८ पर्यंत टिकली. त्यात धर्मगुरूंची टिंगल नको, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, आणि गोऱ्या नि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायचेच नाहीत असं कलम होतं. कित्येक वर्षं कोट्यवधी लोकांनी असं जग बघितलं ज्यात ही शक्यताच नव्हती. बंदी दिसत नाही, फक्त ती गोष्ट कुठे नसते.

शाळेचं काय?

लुई अल्थुसर या फ्रेंच विचारवंताने १९७० मध्ये म्हटलं की आधीच्या काळी जे काम चर्च करायचं ते आता शाळा करते, कारण दुसऱ्या कुठल्याच संस्थेला लहान मूल इतकी वर्षं, रोज इतके तास, सक्तीने मिळत नाही. धडे एक वेळ विसरले जातात. रांगेत उभं राहणं, घंटेवर उठणं, परवानगी मागून बोलणं आणि नंबर कमी आला तर तो माझाच दोष आहे असं मानणं हे कोणी विसरत नाही.

त्यात भाषा पण आली. ज्यांच्या घरची बोली पुस्तकासारखी असते ती "शुद्ध", बाकीच्यांची "अशुद्ध". फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला प्रतीकात्मक हिंसा म्हणतो, म्हणजे अशी हिंसा जी सोसणाराही योग्यच मानतो. वर्गात तोंड उघडायला घाबरणाऱ्या मुलाला कोणी मारलेलं नसतं, तरी ते गप्प होतं.

ज्यांचं नुकसान होतं तेच लोक या व्यवस्थेला पाठिंबा का देतात? मूर्ख असतात का?

नाही. आणि हा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं, कारण ज्यांनी असं म्हणायला सुरुवात केली ते लोकांपासून तुटले.

कारणं बरीच आहेत आणि बहुतेक व्यवहारी आहेत. विरोध केला तर नोकरी जाते, पाठिंबा दिला तर निदान आजचा दिवस निभतो. कधी छोटासा मान मिळालेला असतो तो सोडवत नाही. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमन हिने १९७४ मध्ये मौनाचं चक्र मांडलं, माणसाला वाटलं की आपलं मत कमी लोकांचं आहे तर तो गप्प बसतो, तो गप्प बसला म्हणून ते मत अजून कमी लोकांचं वाटतं, मग पुढचा गप्प बसतो. अशाने बहुसंख्य लोक सुद्धा एकेकटे पडू शकतात.

अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क नको म्हणून १९११ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली, ती बायकांनीच काढली आणि चालवली. त्यातल्या बऱ्याच जणी वरच्या वर्गातल्या, शिकलेल्या, समाजकार्य करणाऱ्या होत्या. त्यांना त्या व्यवस्थेत एक जागा होती, ती जाईल ही भीती खरी होती.

पण याचं सगळ्यात धारदार उत्तर माझ्या मते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलंय. त्यांनी दाखवलं की जातिव्यवस्था ही नुसती विषमता नाही, ती श्रेणीबद्ध विषमता आहे, वर जाल तसा आदर वाढत जातो, खाली जाल तसा तिरस्कार. अशा उतरंडीत अगदी तळचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो. त्यामुळे प्रत्येकाला तक्रार आहे आणि प्रत्येकाला काहीतरी गमवायचंही आहे, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. हे जातीबद्दल लिहिलंय, पण कुठलंही ऑफिस, कुठलाही कारखाना, कुठलीही वंशव्यवस्था या नजरेने बघा, लगेच उलगडते. त्यांच्याही आधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' या पुस्तकात सांगून ठेवलं होतं की लोकांना दास ठेवायचं साधन फक्त बळ नसतं, रचलेल्या कथा आणि नाकारलेली विद्या हेही असतं, आणि ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना. ग्राम्शी तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

सोशल मीडियामुळे आता सगळ्यांना आवाज मिळालाय, मग वर्चस्व संपलं ना?

आवाज मिळाला, मान्य. पण ऐकू कोणाचा जाईल हे ठरवणारं यंत्र तुमच्या हातात नाही. पूर्वी संपादक ठरवायचा, त्याला निदान नाव होतं, पत्र लिहून शिव्या देता यायच्या. आता अल्गोरिदम ठरवतो आणि तो कोणाचं भलं बघत नाही, तुम्ही किती वेळ स्क्रोल करताय ते बघतो, कारण त्या वेळावर जाहिराती विकल्या जातात. रागाने माणूस जास्त वेळ थांबतो, म्हणून राग वर येतो.

२०१८ मध्ये दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, राजकीय प्रचारासाठी जवळपास ८ कोटी ७० लाख फेसबुक युजर्सचा डेटा त्यांना न विचारता केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीकडे गेला असावा असं फेसबुकने स्वतः सांगितलं. दुसरी जास्त भयंकर, म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पसरवायला फेसबुक वापरलं गेलं असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आलं, आणि आपण ते थांबवायला पुरेसं केलं नाही हे कंपनीनेही मान्य केलं.

तरी दुसरी बाजू पण खरी आहे. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरला आणि जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस गेला, तेव्हा पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक होतं की पोलिसांशी आलेल्या संबंधादरम्यान वैद्यकीय घटना होऊन एका माणसाचा मृत्यू. परत बघा, कर्ता गायब. मानेवर गुडघा कुठेच नाही. एका १७ वर्षांच्या मुलीने तिथेच उभं राहून फोनवर सगळं रेकॉर्ड केलं नसतं तर ते निवेदन तसंच्या तसं बातमी झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं. म्हणजे साधन बदललं, लढाई तीच. कोणाचं वाक्य आधी छापलं जाणार याची.

विरोध सुद्धा विकला जातो म्हणतात, ते कसं?

१९२९ चा ईस्टर. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुण मुली मिरवणुकीत सगळ्यांसमोर सिगारेट पेटवतात. तेव्हा बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं वाईट मानलं जायचं. पेपरांना आधीच कळवलेलं असतं की या मुली स्वातंत्र्याच्या मशाली पेटवणार आहेत. बातम्या सगळीकडे गेल्या. यामागे होता एडवर्ड बर्नेज, पीआर धंद्याच्या संस्थापकांपैकी एक, आणि पैसे होते सिगारेट कंपनीचे. बायकांचा बरोबरीचा हक्क ही खरी मागणी होती, रक्त आटवून केलेली, तिचं चिन्ह काढून घेतलं आणि पाकिटावर चिकटवलं.

दुसरा प्रकार म्हणजे माणूस गेल्यावर त्याला गोड करून टाकणं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं मत वाईट होतं. आज त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी आहे, सगळे पक्ष हार घालतात, पण स्वप्नाचं भाषण तेवढं ऐकवतात, युद्धाविरुद्ध आणि गरिबीविरुद्ध ते शेवटी जे बोलत होते ते नाही.

मग कुठल्याच बातमीवर विश्वास ठेवायचा नाही का?

असं अजिबात करू नका. "सगळेच विकले गेलेत" हे वाक्य बंडखोर वाटतं पण सत्तेला ते फार आवडतं, कारण ज्याला काहीच खरं वाटत नाही तो काहीच करत नाही. सिगारेट कंपन्यांना लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवायला हवाच होता असं नाही, त्यांनी डॉक्टरांवर पण ठेवू नये एवढं पुरत होतं.

शंका घ्या पण नेमकी घ्या. या वाक्यात कर्ता कोण? कोणाशी बोललेत, कोणाशी नाही? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं एक तरी वाक्य आहे का? ही बातमी आज का आली? मालकाचा दुसरा धंदा कुठला? आणि मला हे वाचून बरं का वाटतंय, हा पण विचारा, तो सगळ्यात अवघड असतो.

लोक टीव्हीवर बघतात ते सगळं तसंच गिळतात असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. स्टुअर्ट हॉल या जमैकात जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये शिकवलेल्या विचारवंताने १९७३ मध्ये सांगितलं की संदेश पाठवणाऱ्याने एक अर्थ भरला तरी घेणारा तोच काढेल असं नाही. कोणी तसाच घेतो, कोणी "हो, पण आमच्याकडे वेगळं आहे" म्हणतो, कोणी पूर्ण उलटा वाचतो. कामगार बाई बातमी ऐकते की पगार न वाढवणं देशासाठी आवश्यक आहे, आणि मनात म्हणते, कोणाच्या देशासाठी? तिला ग्राम्शी माहीत असायची गरज नाही.

हे सगळं मार्क्सवादी प्रचार नाही का?

शब्द तिकडून आलेत, पण जे वर्णन केलंय ते स्वतः कम्युनिस्ट राजवटींनाही तंतोतंत लागू पडतं. सोव्हिएत युनियनमध्ये १९४८ ला लिसेन्कोच्या चुकीच्या शेतीशास्त्राला अधिकृत विज्ञान ठरवलं, अनुवंशशास्त्राला परदेशी, बूर्झ्वा म्हणजे भांडवलदारी थोतांड म्हटलं, शास्त्रज्ञांना कामावरून काढलं. सत्ता कोणाचीही असो, तिला आपलं हित हे निसर्गाचं सत्य म्हणून खपवावंच लागतं.

एकटा माणूस याविरुद्ध काय करणार?

आयडा बी. वेल्सची गोष्ट सांगते. जन्म १८६२, गुलामीत. पुढे शिक्षिका झाली, मग मेम्फिसमध्ये एका छोट्या वर्तमानपत्राची सहमालक आणि संपादक. १८९२ मध्ये तिच्या ओळखीच्या तीन काळ्या माणसांना जमावाने मारून टाकलं, त्यांचा गुन्हा म्हणजे त्यांचं दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला नडत होतं. त्या काळी दक्षिणेतले पेपर अशा हत्यांचं एकच कारण द्यायचे, काळ्या पुरुषांनी गोऱ्या बायकांवर केलेले अत्याचार. आणि उत्तरेतली चांगली, सुशिक्षित माणसं पण ते मानायची, "पद्धत चुकीची, पण कारण समजू शकतो" असं.

आयडाने काय केलं, तर मोजलं. तिने स्वतः गावोगाव जाऊन माहिती काढली आणि आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांत छापून आलेले, म्हणजे कोणी म्हणू नये की तुम्ही बनवले. त्यातून दिसलं की मारल्या गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांवरच असा नुसता आरोप तरी होता, बाकीचे भांडण, धंदा, उद्धट बोलणं असल्या कारणांसाठी गेले. ती बाहेरगावी असताना जमावाने तिचं छापखान्याचं ऑफिस फोडून टाकलं, परत आलीस तर मारू असं कळवलं. ती परत गेली नाही, पण न्यूयॉर्क, शिकागो, ब्रिटन, जिथे व्यासपीठ मिळेल तिथे ते आकडे वाचत राहिली.

पुढे जगात ठिकठिकाणी लोकांनी हेच केलं, आपलं वाक्य छापायला स्वतःचं पान काढलं. ३१ जानेवारी १९२० ला आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला तो याचसाठी, चालू पत्रांत ज्यांच्याबद्दल लिहिलं जायचं पण ज्यांना लिहायला जागा नव्हती त्यांच्यासाठी. पहिला काही फार काळ चालला नाही, म्हणून १९२७ ला दुसरा काढला, मग १९३० ला आणखी एक, १९५६ ला त्याचंच नाव बदललं.

आयडा १९३१ मध्ये गेली. जमावाच्या अशा हत्येला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरवलं गेलं मार्च २०२२ मध्ये, तिचा छापखाना फोडला त्याला तेव्हा १३० वर्षं होत आली होती.